भातखाचरातलं पाणी आणि मातीतला सोमल

पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, चाकदहच्या आसपास, बोरो, म्हणजे कोरड्या हंगामातल्या, भाताच्या लावणीच्या दिवसांत पाटाच्या कडेला एक गोष्ट हमखास दिसते. कूपनलिकेच्या तोंडातून पडणारं पाणी नितळ असतं. तेच पाणी पाटातून थोडं पुढे गेलं की कडेच्या चिखलावर विटकरी साका धरायला लागतो, आणि पाणी साचलेल्या कोपऱ्यात वर चकाकणारी साय येते. ती तेलाची वाटते, पण काडीने डिवचली तर पापुद्र्यासारखी तुटते. जमिनीखाली हवेविना विरघळून राहिलेलं लोह वर येताच गंजतं, त्याचा हा थर. त्याच पाण्यातलं आर्सेनिक हे विष या गंजाला चिकटून खाली बसतं. म्हणून पाणी जिथून शेतात शिरतं तिथल्या मातीत ते सर्वांत जास्त सापडतं आणि पलीकडच्या बांधाकडे कमी होत जातं.

आर्सेनिक म्हणजे आपल्याकडचा सोमल. पोथीत चुकलेल्या अक्षरावर जी पिवळी हरताळ फासत, तेही आर्सेनिक आणि गंधकाचं खनिज; ‘हरताळ फासणे’ त्यावरूनच आलं. जुन्या गोष्टींतला सोमल एका घोटात माणूस मारतो. भातातला सोमल मात्र मायक्रोग्रॅमच्या मापाने वर्षानुवर्षं पोटात जातो. आधी अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे गडद-फिकट डाग येतात, मग तळहात-तळपाय जाड आणि खरखरीत होतात, आणि पुढे त्वचा, मूत्राशय, फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने असेंद्रिय आर्सेनिकला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

इथेच एक शब्दाचा घोळ मिटवून टाकू. रसायनशास्त्रात आर्सेनिक ‘सेंद्रिय’ आणि ‘असेंद्रिय’ अशा दोन रूपांत असतं आणि असेंद्रिय रूप जास्त घातक असतं. याचा सेंद्रिय शेतीशी काडीचा संबंध नाही. सेंद्रिय पद्धतीने पिकवलेल्या तांदळातही आर्सेनिक असतं, कारण ते फवारणीतून आलेलं नसून माती-पाण्यातून आलेलं असतं.

हे पाण्यात आलं कुठून

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी हिमालय झिजवून आणलेल्या गाळावर बंगालचा त्रिभुज प्रदेश बसला आहे. त्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचं पातळ कवच असतं आणि आर्सेनिक त्या कवचाला धरून असतं. असं धरून राहिलं तर कुणाला त्रास नाही. पण गाळासोबत झाडपाला, कुजलेल्या वनस्पतीही गाडल्या गेल्या. त्या खाणाऱ्या जिवाणूंना श्वासासाठी हवा मिळेना, तेव्हा त्यांनी हवेऐवजी गंजातलं लोह वापरायला सुरुवात केली. गंज विरघळला आणि त्याला धरून असलेलं आर्सेनिक पाण्यात सुटलं. हे सगळं मुख्यतः उथळ थरात, साधारण १५ ते ५० मीटर खोलीवर घडतं, आणि नेमक्या याच खोलीवर हातपंप आणि ‘शॅलो’ कूपनलिका घातल्या गेल्या.

त्या घालण्यामागचा हेतू चांगला होता. तळ्याच्या पाण्याने कॉलरा, हगवण होत असे. त्यातून सुटका म्हणून १९७० च्या दशकात हातपंपांचा धडाका लागला. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्या लक्षात आलं की २४ परगण्यातून येणाऱ्या रुग्णांच्या अंगावरचे डाग आर्सेनिकचे आहेत. जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती यांनी नंतर गावोगावचं पाणी तपासलं. बांगलादेशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंजला पहिला पुरावा मिळाला. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे ५० लाखांच्या आसपास हातपंप तपासून वाईट पाण्याचे पंप लाल आणि चांगल्याचे हिरवे रंगवले. लोक हिरव्या पंपावर जाऊन पाणी भरू लागले, पण शेताला जाणारी शॅलो कुणी रंगवली नाही.

हिशेब करून पाहू

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर भरले तर सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. बांगलादेशची स्वतःची मर्यादा ५० आहे.

आता शॅलोचं पाणी लिटरला १०० मायक्रोग्रॅमचं धरा. बंगालमध्ये असं पाणी दुर्मीळ नाही. बोरो हे कोरड्या हंगामातलं पीक. जानेवारीत लावणी आणि एप्रिल-मेमध्ये कापणी, त्यामुळे बहुतेक पाणी उपशाचंच. एका पिकाला साधारण १००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी एक कोटी लिटर. त्यातून दर हंगामात हेक्टरी एक किलो, एकरी ४०० ग्रॅम आर्सेनिक शेतात येतं. हेक्टरभर शेतातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन धरा २००० टन. सगळं तिथेच राहिलं तर मातीतलं प्रमाण दरवर्षी किलोला अर्धा मिलिग्रॅमने वाढेल. साध्या मातीत मुळात ५ ते १० मिलिग्रॅम असतंच. म्हणजे दहा-वीस वर्षांत ते दुप्पट.

प्रत्यक्षात सगळं राहत नाही. पावसाळ्यात शेत पुराखाली गेलं की मातीतून बरंच आर्सेनिक सुटून पुराच्या पाण्याबरोबर निघून जातं. बांध घालून पूर अडवलेल्या शेतात मात्र ते साठत जातं. पूर नको म्हणून बांधलेल्या बांधाचा हा बाजूने बसणारा फटका आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

बांगलादेशातल्या फरीदपूरमध्ये एकाच शॅलोच्या ओलिताखालच्या जमिनीत पाण्याच्या तोंडापासून दूरपर्यंत माती आणि पीक मोजलं गेलं. मातीतलं आर्सेनिक किलोला साधारण १० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत चढत गेलं तसं उत्पादन हेक्टरी ७-९ टनांवरून २-३ टनांवर आलं. पाणी, बियाणं, खत सगळं तेच होतं.

भातच का?

गहू त्याच जमिनीत घेतला तर दाण्यात कितीतरी कमी आर्सेनिक उतरतं. भाताच्या दाण्यात साधारण दहापट. कारण भात चिखलात उभा असतो. खाचरात चिखलणी करून पाणी तुंबवलं की मातीतला प्राणवायू लवकर संपतो, आणि खोल गाळात हजारो वर्षांपूर्वी जे घडलं तेच शेताच्या वरच्या वीतभर मातीत काही आठवड्यांत घडतं: गंज विरघळतो, आर्सेनिक सुटतं. सुटताना त्याचं रूपही बदलतं. आर्सेनेटचं आर्सेनाइट होतं, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

भाताला सिलिकाची जबरदस्त ओढ असते. भाताचं पातं बोटावरून फिरवलं तर चरचरीत लागतं आणि तूस जाळलं तर उरलेली राख बहुतांश सिलिकाच असते. हे सिलिका मातीतून ओढून घ्यायला भाताच्या मुळांत खास दारं आहेत. आर्सेनाइटचा रेणू आकाराने आणि विद्युतभार नसण्याच्या बाबतीत सिलिकाच्या विरघळलेल्या रूपासारखाच असतो. दाराला फरक कळत नाही, त्यामुळे ते आर्सेनाइटही आत घेतं. जपानमधल्या संशोधकांनी हे २००८ मध्ये दाखवून दिलं. आर्सेनेट मात्र फॉस्फेटच्या दाराने जातं. पण तुंबलेल्या शेतात ते कमीच उरलेलं असतं.

भात हातपाय गाळून बसतो असंही नाही. त्याची मुळं पोकळ असतात. पानांतून हवा खाली आणून ती मुळाभोवती सोडतात, तिथे लोह गंजून मुळावर विटकरी लेप बसतो. रोप उपटून धुतलं तरी मुळं गंजलेल्या तारेसारखी दिसतात, ती यामुळे. हा लेप बरंचसं आर्सेनिक बाहेरच अडवतो. आत शिरलेल्याचा मोठा भाग मुळात आणि खोडात कोंडला जातो. उतरत्या क्रमाने पाहिलं तर सर्वांत जास्त मुळात, मग पेंढ्यात, तुसात, कोंड्यात आणि शेवटी पांढऱ्या दाण्यात. म्हणून पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा हातसडीच्या तांदळात आर्सेनिक जास्त असतं. म्हणूनच कोडेक्सने, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयोगाने, असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा पांढऱ्या तांदळासाठी किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि हातसडीसाठी ०.३५ ठेवली. हातसडी आरोग्याला चांगली हे खरंच आहे, पण दूषित पट्ट्यातली हातसडी रोज खाऊ नये, आणि लहान मुलांना तर नकोच.

आर्सेनिक फार झालं की पीक बोलतं. लोंबी दाणा भरल्याच्या वजनाने झुकत नाही, ताठ उभी राहते. हाताने चोळली तर निम्मं पळींज, म्हणजे पोकळ दाणे. अमेरिकेत आर्कान्सा, लुइझियानाच्या शेतकऱ्यांना हा रोग जुना ओळखीचा आहे. तिथे कापसावर एकेकाळी आर्सेनिकची तणनाशकं मारली जात आणि त्याच जमिनीत पुढे भात आला. तिथले शेतकरी भात पोटरीत येण्यापूर्वी, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, शेतातलं पाणी काढून जमीन भेगा पडेपर्यंत वाळवत. उपाय त्यांना आधी सापडला, त्याचं कारण मागाहून कळलं.

पाणी कमी-जास्त करण्याची पद्धत

उपाय त्यातच आहे: शेत सतत तुंबवून ठेवायचं नाही. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हे बिनचूक करायची सोपी रीत बसवली आहे. ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी किंवा बांबू घ्या, त्याला सगळीकडून भोकं पाडा आणि अर्धी, म्हणजे १५ सेंटिमीटर, मातीत ठोका. नळीतली माती उकरून काढा, नाहीतर आतलं पाणी दिसणार नाही. नळी बांधापासून जरा आत, पण हात पोचेल अशा, शेतातल्या सर्वसाधारण पातळीच्या जागी हवी. खोलगट जागी ठोकली तर बाकीचं शेत सुकून गेलं तरी नळीत पाणी दिसत राहतं. ही चूक सर्रास होते.

लावणीनंतर एक-दोन आठवडे रोप सावरेपर्यंत आणि तण दाबण्यासाठी पाणी ठेवा. मग पाणी आटू द्या. नळीतली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरा. फुलोऱ्याच्या एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत मात्र पाणी तुटू द्यायचं नाही. तिथे ताण बसला तर दाणे पोकळ राहतात, आणि आर्सेनिक वाचवण्याच्या नादात पीक जातं. त्यानंतर परत आटवणं-भरणं. पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं, मातीतून आर्सेनिक कमी सुटतं आणि शॅलोतून येणारंही तेवढं कमी होतं.

एवढी चांगली गोष्ट सगळीकडे का होत नाही? एक तर पंप शेजाऱ्याचा असतो आणि पाण्याचे पैसे हंगामाला ठोक ठरतात. मग पाणी वाचवून शेतकऱ्याच्या खिशात काही पडत नाही. दुसरं, पाणी आटलं की तण उफाळतं आणि खुरपणीची मजुरी वाढते. तिसरी अडचण रसायनाची आहे आणि ती गंभीर आहे. माती हवेशीर झाली की आर्सेनिक अडकतं, पण कॅडमियम हा विषारी धातू मोकळा होतो. जपानच्या तोयामा भागात खाणीच्या सांडपाण्यातलं कॅडमियम जिन्झू नदीच्या पाण्याने भातात उतरलं आणि त्यातून ‘इताई-इताई’ हा हाडं मोडणारा आजार झाला. त्यामुळे ज्या मातीत कॅडमियम आहे, खास करून जी आम्लधर्मी आहे, तिथे पाणी तोडण्याआधी दोन्ही तपासलेच पाहिजेत. चुना टाकून पीएच सातच्या जवळ आणला तर कॅडमियमला आळा बसतो.

पाण्याचा स्रोत बदलता येत असेल तर तो सर्वांत चांगला मार्ग. नदियातल्याच मोहनपूरच्या बिधान चंद्र कृषी विश्वविद्यालयाने तळ्यातलं साठवलेलं पावसाचं पाणी आणि शॅलोचं पाणी आलटून-पालटून वापरण्याचा सल्ला दिला आहे. शॅलोचं पाणी आधी तळ्यात सोडून दोन-चार दिवस राहू दिलं तर लोह आर्सेनिकसह तळाशी बसतं. तो गाळ काढून परत शेतात पसरला की मग केलेल्या कष्टांना हरताळ. खोल नळातून, १५० मीटरच्या खालून, पाणी उपसून शेत भिजवणं मात्र टाळा. ते पाणी आज चांगलं आहे, ते पिण्यासाठी राखायला हवं. उपसा वाढला तर वरचं दूषित पाणी खाली ओढलं जाण्याची भीती असते.

खत, तूस आणि वाण

सिलिका मातीत भरपूर असेल तर मुळांच्या दारावर आर्सेनाइटला जागा मिळत नाही. तूस किंवा तुसाची राख मातीत मिसळण्यामागे हेच तत्त्व आहे. पेंढा मात्र ताजा गाडू नका. तो कुजताना मातीतली उरलीसुरली हवा खातो आणि आर्सेनिक आणखी सुटतं. दूषित शेतातला पेंढा गुरांनाही जपून द्यावा. फॉस्फेटचा खेळ दुटप्पी आहे: मुळाशी ते आर्सेनेटला अडवतं, पण मातीत गंजावरची आर्सेनिकची जागा बळकावून त्याला मोकळंही करतं. म्हणून ‘आर्सेनिक आहे, स्फुरद (फॉस्फेट) वाढवा’ असा सरसकट सल्ला चुकीचा आहे.

वाणांत फरक आहे. पश्चिम बंगालमध्ये चुंचुडा भात संशोधन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांनी मिळून ‘मुक्तश्री’ नावाचं दाण्यात कमी आर्सेनिक उतरवणारं वाण काढलं. पण वाण हा आधार समजावा. वाईट पाण्याला तो पर्याय होत नाही. बोरोऐवजी कोरड्या हंगामात मोहरी, मसूर अशी कमी पाण्याची पिकं घेणं आणि भात पावसाळी आमनपुरता ठेवणं हे जास्त परिणामकारक आहे. शेतकरी बोरो सोडत नाही, कारण बोरोचं उत्पादन आमनपेक्षा जास्त आणि खात्रीचं असतं. त्या हिशेबात त्याचं चुकत नाही.

तपासणीत काय चुकतं

पाण्याची किट साधी असते. ठरलेल्या मापाच्या पाण्यात आम्लाची पूड आणि जस्ताची पूड टाकतात, त्यातून निघणारा आर्सीन वायू झाकणातल्या रसायन लावलेल्या कागदावर जातो, आणि कागद पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत रंग धरतो. हा वायू विषारी आहे, त्यामुळे हे काम उघड्यावर करा. पंप दहा मिनिटं चालवून मगच नमुना घ्यायचा. प्रयोगशाळेला पाठवायचा असेल तर जागेवरच आम्लाचे थेंब टाकून घ्या. नाहीतर वाटेत बाटलीत गंज खाली बसतो, आर्सेनिक त्याच्याबरोबर तळाला जातं, आणि वरच्या स्वच्छ पाण्याचा अहवाल ‘सुरक्षित’ येतो.

मातीचा एकच मिश्र नमुना पुरे नाही. पाण्याच्या तोंडाजवळचा, मधला आणि लांबच्या बांधाकडचा असे तीन वेगळे नमुने, वरच्या १५ सेंटिमीटरमधले, घ्या. तांदळाच्या अहवालात ‘एकूण’ आर्सेनिक लिहिलंय की ‘असेंद्रिय’, ते पाहा. मर्यादा असेंद्रियची असते. दक्षिण आशियातल्या तांदळात बहुतांश असेंद्रियच सापडतं, त्यामुळे इथे एकूण आकडाही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाने घाबरून जायचं कारण नाही. दख्खनच्या काळ्या दगडात आर्सेनिक मुळात कमी, गंगेसारखा कुजका गाळ नाही, आणि कोकणातला भात पावसावरचा. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरला जी अडचण आहे ती फ्लोराइडची. एक सीमा मात्र लक्षात ठेवावी: गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावी, विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं आहे. तिथे ते गाळातून आलेलं नसून खडकातून आलेलं आहे. खडक राज्याची हद्द ओळखत नाही, म्हणून कोरची-कुरखेड्याकडच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घेण्यात शहाणपणा आहे.

चुलीवर काय करता येतं

माणूस दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खातो आणि त्यात किलोला ०.२ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे असं धरा: पोटात गेले ८० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेतल्या दोन लिटर पाण्यातून जास्तीत जास्त २० गेले असते. हिरव्या पंपावर गेलेल्या माणसाला भाताने असं परत गाठलं.

तांदूळ धुतल्याने थोडंच जातं, साधारण दहावा हिस्सा. कुकरमध्ये मोजून पाणी घातलं तर जे होतं ते आतच राहतं. भरपूर पाण्यात, एक वाटी तांदळाला सहा वाट्या, शिजवून भात वेळला, म्हणजे जादा पाणी निथळून टाकलं, तर असेंद्रिय आर्सेनिकचा जवळपास ४५ टक्के भाग पेजेबरोबर निघून जातो. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २०२० मध्ये आणखी एक रीत तपासली: एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी आधी उकळायचं, तांदूळ टाकून पाच मिनिटं उकळू द्यायचा, ते पाणी ओतून टाकायचं, मग दोन वाट्या ताजं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर आटवायचा. पांढऱ्या तांदळातून ७३ टक्के आणि हातसडीतून ५४ टक्के आर्सेनिक गेलं. भरपूर पाण्यात शिजवून वेळण्यापेक्षा या रीतीत पोषकद्रव्यं कमी वाया जातात.

या सगळ्याला एक अट आहे: शिजवायचं पाणी चांगलं हवं. लाल पंपाच्या पाण्यात भात शिजवला तर तांदूळ त्यातलं आर्सेनिक उलट शोषून घेतो. साळ उकडताना वापरलेल्या पाण्यालाही हेच लागू आहे, आणि बंगालमधला बहुतेक तांदूळ उकडाच असतो. वेळलेली पेज आपल्याकडे कुणी मीठ घालून पितं, कुणी गुरांच्या घमेल्यात ओततं. दूषित पट्ट्यात ती प्यायची नाही आणि गोठ्यातही न्यायची नाही.